महागावचा कारभार कुणाच्या सहीने?

२०१५ मध्ये महागावात जी निवडणूक झाली ती ग्रामपंचायतीची नव्हती. मतदार तेच होते, गल्ल्या त्याच होत्या. पण या वेळी सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडायचे होते आणि त्यांच्यातून नगराध्यक्ष होणार होता. सरपंच हे पद गावातून कायमचे गेले. यवतमाळ जिल्ह्यात या वाटेने गेलेले महागाव एकटे नव्हते. कळंब, राळेगाव, बाभूळगाव, मारेगाव आणि अगदी छोटेसे झरी-जामणी, ही तालुक्याची गावेही त्याच सुमारास नगरपंचायती झाली.

गावाने कात टाकली, शहर झाले, असे म्हणून या घटनेकडे पाहणे सोपे आहे. मला तिच्यामागचा प्रश्न मोठा वाटतो. गावाने स्वतःचा कारभार स्वतः करावा हे ठरवते कोण? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत एखाद्या वस्तीला नगराचा दर्जा हवा असेल तर रहिवासी सह्या गोळा करतात, अर्ज करतात, बऱ्याच ठिकाणी त्यावर मतदानही होते. आपल्याकडे दर्जा अधिसूचनेने मिळतो. महागावच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात स्वराज्याचे जे जे पाऊल पडले, त्या प्रत्येकावर सही गावाबाहेरची होती. तरीही दर वेळी गावाने ते पाऊल आपले करून घेतले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय २०१५ ची निवडणूक नीट समजत नाही.

यवतमाळहून आर्णी ओलांडून उमरखेडकडे निघाले की नागपूर-तुळजापूर महामार्गावर महागाव लागते. पश्चिमेला पुसद, दक्षिणेला पैनगंगा. पुसदकडून येणारी पूस नदी याच तालुक्यात, हिवरा संगम येथे पैनगंगेला मिळते. जमीन काळी, पीक कापसाचे, मधून मधून टेकड्या आणि सागाचे जंगल. पैनगंगेच्या पलीकडे माहूर आणि सगळा मराठवाडा. हा पलीकडचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अलीकडच्या वऱ्हाडाची गोष्ट जरा गुंतागुंतीची होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, पण मालकी कागदोपत्री त्याचीच राहिली. १९०२ मध्ये हा मुलूख कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडावर इंग्रजांकडे गेला, आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. पुसदचा तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात मोडत असे. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे आला. महागाव त्या जुन्या पुसद तालुक्यातले.

त्या काळात गावचा कारभार म्हणजे पाटील आणि पटवारी. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्यासारखी रयतवारी मोजणी लावली. शेताला सर्व्हे नंबर पडले, सारा ठरला. पाटील सारा गोळा करी आणि गावचा बंदोबस्त पाही. पटवारी कागद सांभाळी. कोतवाल दवंडी पिटी. बलुतेदार आपापल्या हक्काने खळ्यावर धान्य मागत. ओसाड पडलेले डोंगराळ भाग लागवडीखाली यावेत म्हणून सरकारने काही गावे इजाऱ्याने दिली. यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी गावांच्या नावामागे आजही ‘इजारा’ लागतो तो त्या व्यवहाराचा. ही सगळी व्यवस्था वतनाची होती. पाटलाच्या घरात जन्मला तो पाटील. गावकऱ्यांनी त्याला निवडायचे किंवा काढायचे हा प्रश्नच नव्हता.

या भागात दुसरीही एक व्यवस्था होती आणि ती सरकारी दप्तरात फारशी दिसत नाही. पुसद, महागाव, दिग्रस हा बंजारा समाजाच्या तांड्यांचा मुलूख. रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारे हे लोक व्यापार बसल्यावर टेकड्यांच्या कुशीत स्थिरावले. प्रत्येक तांड्याला नाईक, त्याच्या मदतीला कारभारी. तंटा झाला की तांड्याची पंचायत म्हणजे नसाब बसे, दोन्ही बाजू ऐकून घेई आणि निवाडा देई. नाईकपदही बहुधा घराण्यात चाले, पण निर्णय चारचौघांत, सगळ्यांसमोर होई. आपल्या माणसांचा कारभार आपण बसून करायचा ही सवय या मुलखाला कायद्याने शिकवलेली नाही, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

कायद्याचे स्वराज्य आले ते वरून, आणि फार तुटपुंजे. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. त्याच्या पाठोपाठ वऱ्हाडासाठी १८८५ मध्ये ग्रामीण बोर्डांचा आणि १८८६ मध्ये नगरपालिकांचा कायदा आला. वऱ्हाड कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हते, म्हणून इथे लागू होणारे कायदे वेगळ्या हुकमांनी आणावे लागत. बोर्ड तालुक्याचे आणि जिल्ह्याचे. रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी यांची कामे त्यांच्याकडे. मतदानाचा हक्क मूठभर लोकांना, आणि पैशाची किल्ली अधिकाऱ्याच्या कमरेला. महागावसारख्या गावाला त्यात आवाज नव्हता. १९२० च्या मध्य प्रांत ग्रामपंचायत कायद्याने पहिल्यांदा गावाला पंचायत देण्याची तरतूद झाली. डेप्युटी कमिशनरला वाटले तर पंचायत बसे. किरकोळ तंटे तोडणे आणि गाव स्वच्छ ठेवणे एवढेच तिचे काम. अशा पंचायती मोजक्याच गावांत झाल्या.

वर्ध्याजवळ १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला येऊन राहिले आणि ग्रामस्वराज्याची भाषा विदर्भाच्या घराघरांत पोचली. मोझरीहून तुकडोजी महाराजांची भजने गावोगाव फिरत होती, आणि त्यांच्या खंजिरीमागे गावाने स्वतःचे घर स्वतः झाडावे हा आग्रह होता. या वातावरणात १९४६ चा मध्य प्रांत व वऱ्हाड पंचायत कायदा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या सरकारचे स्थानिक स्वराज्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी जनपद योजना आणली. जिल्हा बोर्डे मोडून प्रत्येक तहसिलीसाठी एक जनपद सभा. तहसील हेच स्वराज्याचे खरे एकक असावे, लोकांना तिथपर्यंत चालत जाता यावे, असा त्यामागचा विचार होता. योजना धाडसी होती. पैसा मात्र तिच्यामागे कधी पुरेसा उभा राहिला नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा इथे जनपद, पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्ड आणि मराठवाड्यात निजामी घडी, अशा तीन चालीरीती एका राज्यात नांदत होत्या.

त्या तिन्हींची एक घडी बसवण्याचे काम महागावच्या शेजारच्याच माणसाच्या हातून व्हायचे होते. पुसद तालुक्यातल्या गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. आजोबा चतुरसिंग यांनी तांडा गहुलीला वसवला, वडील फुलसिंग त्या तांड्याचे नाईक. घराचे मूळ आडनाव राठोड, नाईक ही पदवी आडनाव होऊन बसली. वसंतराव नागपूरला शिकले, वकील झाले, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे काही काळ वकिली केली आणि पुसदला परतले. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नाली, दिवाबत्ती, पाणी, पट्टी आणि पट्टी न भरणारे घरमालक, या सगळ्याशी त्यांची गाठ तिथे पडली. म्हणून १९६० मध्ये महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरणाच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ते मंत्रालयातल्या खुर्चीवरून बोलत नव्हते.

देशात तेव्हा बलवंतराय मेहता समितीच्या अहवालाचा बोलबाला होता. मेहता समितीने भर दिला होता तो विकास गटावर, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर. १५ मार्च १९६१ रोजी दिलेल्या अहवालात नाईक समितीने वेगळी वाट धरली. सगळ्यात बळकट पायरी जिल्ह्याची असावी, कारण पैसा, इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षण अधिकारी हे सारे जिल्ह्याच्या पातळीवरच मिळू शकतात. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत सदस्यत्व नको. जिल्हाधिकारी बाहेर राहावा आणि परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी असावा. या शिफारशी कायद्यात उतरल्या आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. जनपदे इतिहासजमा झाली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस, ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले.

महागावच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ फार ठोस होता. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा विदर्भालाही लागू झाल्याने गावचा सरपंच आता कायद्याने उभा होता. वर पंचायत समिती, त्यावर जिल्हा परिषद. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी कायद्याने संपली. गावच्या शाळेचे मास्तर, दवाखान्याची नर्स, हापशी, रस्ता, यांसाठी दाद मागायची जागा ठरली. पुढे महागाव स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे, कोर्टकचेरीची कामे गावात आली. सात-बारासाठी, दाखल्यासाठी, पेरणीच्या हंगामात पीककर्जाच्या कागदांसाठी आजूबाजूच्या गावांतले आणि तांड्यांतले लोक रोज महागावात उतरू लागले. झेरॉक्सची दुकाने, कृषी केंद्रे, चहाच्या टपऱ्या, खाणावळी वाढल्या. पाणी, कचरा आणि रस्ता मात्र ग्रामपंचायतीच्याच तिजोरीतून चालवायचा होता. कार्यालये तालुक्याची आणि गटारे गावाची, हा ताण राज्यातल्या प्रत्येक छोट्या तालुक्याच्या गावाने सोसला आहे.

या ताणावरचा उपाय १९९२ मध्ये संसदेने सुचवला. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांचे तीन प्रकार घटनेत लिहिले. मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद, आणि गावाकडून शहराकडे संक्रमणात असलेल्या भागाला नगरपंचायत. दुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. संसदेने ती मंजूर केली त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते पुसदचेच सुधाकरराव नाईक, वसंतरावांचे पुतणे. राज्याने १९६५ च्या नगरपालिका कायद्यात नगरपंचायतीचा अध्याय घातला आणि अटी ठेवल्या. लोकसंख्या दहा हजार ते पंचवीस हजार, बिगरशेती रोजगाराचे ठरावीक प्रमाण, जवळच्या मोठ्या शहरापासूनचे अंतर. या अटींच्या चाळणीतून फार थोडी गावे खाली आली. वीस वर्षे ही तरतूद बहुतेक तालुक्याच्या गावांसाठी पुस्तकातच होती.

२०१४ मध्ये सरकारने चाळणीच बदलली. तालुक्याचे मुख्यालय असलेल्या ग्रामपंचायतींना या अटींतून मोकळे केले. गाव किती मोठे, किती लोक शेतीबाहेर कमावतात हे आता पाहायचे नव्हते; तिथे तहसील कचेरी आहे का, एवढे पुरे होते. झरी-जामणीसारखे गाव नगर झाले ते या निर्णयामुळे, आणि महागाव त्याच रांगेत आले. द्वारकाप्रसाद मिश्रांनी तहसिलीला स्वराज्याचे एकक मानले त्याला तेव्हा सहासष्ट वर्षे झाली होती. आता पुन्हा तहसील हेच माप ठरले, फक्त सगळ्या तालुक्याला कवेत घेण्याऐवजी ते त्यातल्या एका गावापुरते आखडले.

गाव नगर होते म्हणजे प्रत्यक्ष काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी प्रारूप अधिसूचना निघते. त्यात गावाच्या चारी सीमा गट नंबरांनिशी लिहिलेल्या असतात. उत्तरेला अमुक गट, पूर्वेला अमुक नाला. तिची प्रत ग्रामपंचायतीच्या आणि तहसिलीच्या फलकावर लागते. हरकती घ्यायला मुदत मिळते आणि त्या जिल्हाधिकारी ऐकतात. मग अंतिम अधिसूचना. त्या दिवशी ग्रामपंचायत संपते. सरपंच, उपसरपंच, सदस्य सगळे एका कागदाने माजी होतात. निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो, बहुतेक ठिकाणी तहसीलदारच. ग्रामपंचायतीची मालमत्ता, कर्ज, पाणीयोजना, नमुना आठची कर आकारणी नोंदवही, सगळे नव्या संस्थेकडे जाते. कर्मचारी जातात की नाही, कोणत्या पदावर जातात, हा राज्यभर वर्षानुवर्षे चाललेला वाद आहे. झाडूवाला आणि पाणी सोडणारा माणूस रोज कामावर येत राहतो आणि त्याच्या समावेशनाची फाईल मुंबईला फिरत राहते.

मग प्रभाग पाडायचे. जनगणनेचे प्रगणक गट घेऊन नकाशावर उत्तरेकडून सुरुवात करतात आणि वळणे घेत दक्षिणेला शेवटचा प्रभाग संपवतात. रस्ता, नाला, गल्ली यांवरून रेघ जाते. सतरांपैकी नऊ जागा महिलांना. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येवरून, बाकीचे आरक्षण सोडतीने. सोडतीच्या दिवशी सभागृह भरलेले असते. पारदर्शक डब्यात चिठ्ठ्या टाकतात, एखाद्या शाळकरी मुलाला बोलावतात आणि तो हात घालून चिठ्ठी काढतो. अनेकांची वर्षभराची तयारी त्या चिठ्ठीवर अवलंबून असते. एका क्षणात कुणाचा प्रभाग महिलांसाठी राखीव होतो आणि घरातली बाई उमेदवार म्हणून उभी राहते. यातल्या काही जणी पतीच्या सावलीत राहतात हे खरे आहे, पण सतरांत नऊ बायका बसतात तेव्हा नळाच्या वेळेवरची चर्चा बदलते, हेही तितकेच खरे आहे.

नव्या दर्जाने गावाच्या हाती काय आले? मुख्याधिकारी नावाचा शासनाचा पूर्णवेळ अधिकारी आला. शहरी योजनांचा निधी आला, बांधकाम परवानगीची रीत आली, विकास आराखडा करण्याचा हक्क आला. गेले काय? महागावकर आता जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी मत देत नाहीत, जरी पंचायत समितीची इमारत त्यांच्याच गावात आहे. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याचे संरक्षण ग्रामीण भागालाच होते. आणि इथल्या कितीतरी घरांचे पोट आजही शेतमजुरीवर आहे. कर आकारणीची पद्धत बदलली. घरकुलासाठी ग्रामीण यादी सोडून शहरी यादीत यावे लागले.

सगळ्यात मोठे नुकसान माझ्या मते ग्रामसभेचे झाले. ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा बसवणे भाग होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा खेड्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ. सभा नीट होत नसतील, गणपूर्तीअभावी तहकूब होत असतील, कागदावर अंगठे उमटत असतील. तरी गावातला कोणताही मतदार उभा राहून हापशीचा हिशेब विचारू शकत होता आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात जाऊ शकत होते. नगरपंचायतीत हा हक्क नगरसेवकांच्या सभागृहापुरता उरला. बाहेरचा माणूस ऐकू शकतो, ठराव मांडू शकत नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण तिचा अंमल कागदापलीकडे फारसा गेला नाही. नसाबीत बसून सगळ्यांसमोर बोलायची सवय असलेल्या मुलखात ही पोकळी अधिक बोचते. नगर करताना ग्रामसभा ठेवायला हवी होती, आणि अजूनही ती आणता येईल असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी घटना आड येत नाही.

पहिल्या नगरपंचायतीची मुदत संपली ती कोरोनाच्या काळात. निवडणुका लांबल्या, पुन्हा प्रशासक आले. २०२१ च्या डिसेंबरात राज्यातल्या शंभरहून अधिक नगरपंचायतींबरोबर महागावची निवडणूक लागली, आणि मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया या विदर्भातल्या जिल्हा परिषदांवरून सुरू झालेल्या खटल्यात न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये सांगितले होते, की मागासवर्गाचे आरक्षण ठेवायचे तर आधी आयोग नेमून माहिती गोळा करा, आणि एकूण आरक्षण निम्म्यावर जाऊ देऊ नका. ते झाले नव्हते. म्हणून ६ डिसेंबरला नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या जागा थांबवल्या गेल्या आणि नंतर त्या सर्वसाधारण झाल्या. बाकीच्या जागांसाठी २१ डिसेंबरला मतदान झाले, या जागांसाठी १८ जानेवारी २०२२ ला, आणि मोजणी दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांत या प्रवर्गात विमुक्त जातीही येतात, आणि बंजारा समाज त्यात आहे. ज्या मुलखाने राज्याला पंचायत राज्याची घडी दिली, त्या मुलखातल्या मोठ्या समाजाची राखीव जागा त्या निवडणुकीत गेली. त्या माहितीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या अहवालानंतर जुलै २०२२ मध्ये हे आरक्षण परत आले, पण महागावची निवडणूक तोवर होऊन गेली होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसले. पंचायत समित्यांचेही तेच झाले. निवडणुका वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या. त्या काळात महागाव शहराला स्वतःचे नगरसेवक होते, आणि वेशीपलीकडच्या गावांना, फुलसावंगीपासून हिवऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांना आणि तांड्यांना, ग्रामपंचायतीच्या वरच्या स्थानिक संस्थांत आपला म्हणावा असा एकही निवडून दिलेला सदस्य नव्हता. वसंतराव नाईकांनी १ मे १९६२ ला ज्यांच्यासाठी जिल्हा परिषद उभी केली ते हेच लोक.